साक्रीच्या फडापासून हाँगकाँगच्या पडद्यापर्यंत

मुलांनो, नकाशाचं पुस्तक उघडा पाहू. महाराष्ट्राच्या वरच्या अंगाला धुळे सापडलं? आता तिथून बोट डावीकडे, म्हणजे पश्चिमेला सरकवा. सुरतेकडे जाणाऱ्या महामार्गावर पन्नास-पंचावन्न किलोमीटर गेलं की साक्री लागतं. तालुक्याचं गाव. इथल्या नदीचं नाव आहे 'कान'! ही कान पुढे पांझरेला मिळते आणि पांझरा धुळ्यावरून जाऊन तापीला. साक्रीहून आणखी पश्चिमेला गेलात तर कोंडाईबारीचा घाट येतो. तो उतरला की नवापूर, आणि मग गुजरात सुरू.

साक्रीच्या बस स्टँडवर नुसतं दहा मिनिटं उभं राहिलं तरी कानांची चंगळ होते. कुणी अहिराणीत विचारतं, "कथा जाई ऱ्हायना रे भाऊ?" म्हणजे कुठे चाललास? पलीकडे डोंगरातून आलेली माणसं कोकणी किंवा भिल्ली बोलत असतात. सुरतेच्या गाडीतून उतरलेला व्यापारी गुजरातीत हिशेब करतो. कंडक्टर मराठीत ओरडतो आणि चहावाला हिंदीत उत्तर देतो. सगळ्यांचं सगळ्यांना कळतं!

साक्री तालुक्यात पाहण्यासारखं पुष्कळ आहे. भामेरचा जुना किल्ला आहे. आमळीला कन्हैयालाल महाराजांची यात्रा भरते. पठारावर पवनचक्क्यांची रांगच रांग दिसते. शिवाजीनगरला महानिर्मिती कंपनीचा १२५ मेगावॅटचा सौर वीज प्रकल्प आहे. पण आज आपण एका शब्दाच्या मागे मागे जाणार आहोत. तो शब्द आपल्याला पार हाँगकाँगपर्यंत नेणार आहे. शब्द छोटासाच आहे : फड.

पांझरेच्या काठच्या शेतकऱ्याला 'फड' म्हणा, त्याला पाणी आठवेल. इथे काही शतकांपासून नदीवर दगडी बंधारे बांधून पाटाने शेतीला पाणी देतात. त्या पाण्याखालच्या जमिनीचे मोठे मोठे तुकडे पाडलेले असतात. एकेक तुकडा म्हणजे एकेक फड. एका फडात पुष्कळ जणांची शेतं असतात, पण पीक मात्र सगळ्यांनी मिळून एकच घ्यायचं. यंदा या फडात ऊस, त्या फडात गहू, पुढच्या वर्षी बदल. कुणाच्या शेताला कधी पाणी द्यायचं हे मालक ठरवत नाही. ते काम पाटकऱ्याचं. आपल्या मनाला येईल तेव्हा कुणी पाट फोडायचा नाही. एकाने हट्ट केला तर सगळ्या फडाचं नुकसान. म्हणून 'फड पद्धत' शिकायला लांबलांबचे अभ्यासक इथे येतात.

पण हाच शब्द यात्रेला आलेल्या माणसासमोर उच्चारा. तो विचारेल, "कुठला? तमाशाचा की कुस्तीचा?" तमाशाच्या मंडळीलाही फड म्हणतात आणि कुस्त्या जिथे रंगतात त्यालाही फडच!

कुस्तीचा फड पाहिलाय का कधी? हलगी कडाडत असते. भोवती माणसांचं कडं. आधी छोट्या पोरांच्या नारळावरच्या कुस्त्या, मग वाढत वाढत शेवटची मोठी. दोघे पैलवान मातीला हात लावून नमस्कार करतात, सलामी देतात, मग भिडतात. धोबीपछाड, ढाक, कलाजंग, एकलंगी... डावांची नावंच काय झकास! पण एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. कुस्तीत ठोसा नाही आणि लाथही नाही. समोरच्याची पाठ मातीला लावायची, अस्मान दाखवायचं, एवढंच. जिंकणाराच पुष्कळदा हरलेल्याला हात देऊन उठवतो.

मग खानदेशातल्या पोरांना हवेत उडून लाथ मारायचं वेड कुठून लागलं?

तेही यात्रेतूनच, बरं का! महाराष्ट्रातल्या यात्रांमध्ये कुस्ती आणि तमाशाच्या शेजारी तंबूतला सिनेमाही असायचा. पुढे १९८०च्या दशकात व्हिडिओ आला. गावोगावी एखाद्या खोलीत टीव्ही आणि व्हीसीआर मांडून 'व्हिडिओ पार्लर' निघाली. दोन-चार रुपये द्यायचे, सतरंजीवर बसायचं आणि सिनेमा पाहायचा. त्यातल्या मारामारीच्या चित्रपटांत हाँगकाँगचा नंबर फार वरचा होता.

हाँगकाँग म्हणजे चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरचं शहर. १९९७ पर्यंत तिथे ब्रिटिशांचं राज्य होतं. लोक बोलतात ती भाषा कँटोनीज. तिथल्या ब्रूस ली या नटाने १९७१ ते १९७३ अशा दोन-तीन वर्षांत जगाला वेड लावलं. त्याचा जन्म १९४० सालचा, अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोचा. वाढला मात्र हाँगकाँगला. लहानपणी तो बालनट होता. आणि गंमत ऐका, १९५८ साली हाँगकाँगमधली चा-चा नाचाची स्पर्धा त्याने जिंकली होती! त्याच्या लाथेत ताल दिसतो, तो उगीच नाही. १९७३ च्या जुलैमध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तो गेला. त्याचा सगळ्यांत गाजलेला 'एंटर द ड्रॅगन' त्यानंतर प्रदर्शित झाला.

या जातीच्या चित्रपटांची गोष्ट बहुधा ओळखीची असते. एक तापट पोरगा, घरची ओढाताण, एक कडक गुरू, कुणावर तरी जडलेला जीव आणि शेवटी मोठा सामना. २००३ सालचा 'स्टार रनर' घ्या. दिग्दर्शक डॅनियल ली, नायक व्हॅनेस वू. नायक शाळकरी वयाचा किकबॉक्सर आहे. चित्रपटाच्या चिनी नावाचा अर्थ साधारण 'वाघ नावाचा पोरगा' असा. एकीकडे प्रेम, दुसरीकडे रिंगण, आणि मधे हा वाघ! किकबॉक्सिंग हा खेळही तसा अलीकडचाच. जपानमध्ये १९६०च्या दशकात कराटे आणि थायलंडचं मुआय थाय यांच्या मेळातून तो घडला. हात आणि पाय दोन्ही चालवायचे, पण पंच असतो, नियम असतात, वजनाचे गट असतात. म्हणजे आपल्या कुस्तीसारखाच तोही नियमांचा खेळ.

आता खरी गंमत. पडद्यावर जी लाथ बसते, ती बहुतेक वेळा बसतच नाही!

खोटं वाटतं? एक प्रयोग करा. दोन्ही हातांत एकेक पेन्सिल धरा. हात लांब करा, एक डोळा मिटा आणि पेन्सिलींची टोकं एकमेकांना भिडवून पाहा. चुकली ना? कुठली पेन्सिल जवळ आणि कुठली लांब, हे आपल्याला दोन डोळ्यांमुळे नीट कळतं. कॅमेऱ्याला असतो एकच डोळा. म्हणून नायकाचा पाय खलनायकाच्या गालापासून वीतभर लांबून गेला, तरी कॅमेरा योग्य जागी ठेवला असेल तर तो गालावरच बसल्यासारखा दिसतो. मग 'धप्प' असा आवाज नंतर भरतात. कधी कपड्यांवर पांढरी भुकटी टाकून ठेवतात. हलका धक्का लागला तरी ती उडते आणि आपल्याला वाटतं, काय जोरात बसली!

पण भुकटीने आणि कॅमेऱ्याने सगळं भागत नाही. लाथ खरी वाटते ती मार खाणाऱ्यामुळे. त्याने नेमक्या क्षणी मान वळवली पाहिजे, नेमक्या जागी पडलं पाहिजे. मारणारा आणि मार खाणारा दोघे मिळून ती लाथ 'मारतात'. आधी मोजून पावलं टाकतात, हळू करून पाहतात, पुन्हा करतात, पन्नास वेळा करतात. एकाने जरी अर्धा क्षण घाई केली तर दुसऱ्याचा दात गेलाच म्हणून समजा. आलं ना लक्षात? हाही एक फडच आहे. इथेही कुणी आपल्या मनाला येईल तेव्हा पाट फोडायचा नसतो.

जॅकी चॅन तुम्हाला ठाऊक असेल. वयाच्या सातव्या वर्षी त्याला हाँगकाँगमधल्या चिनी संगीत नाटकाच्या एका शाळेत ठेवलं. तिथे दहा वर्षं कोलांट्या, उड्या, गाणं, अभिनय आणि मारही! १९८५च्या 'पोलीस स्टोरी'त तो उंच खांबावरून, दिव्यांच्या माळा फोडत घसरत खाली येतो. त्यात त्याचे हात भाजले, पाठीला मार बसला. त्याच्या चित्रपटांच्या शेवटी नावं सरकत असतात, तेव्हा फसलेली दृश्यंही दाखवतात. नायक आपटतो, लंगडतो, हसतो, पुन्हा उभा राहतो. पुढच्या वेळी ती नावं येऊ लागली की टीव्ही बंद करू नका. चित्रपटातला सगळ्यांत खरा भाग तोच आहे.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. हाँगकाँगचे लोक कँटोनीज बोलत, पण १९७०च्या सुमारास तिथले चित्रपट निघायचे ते मँडरिन या दुसऱ्या चिनी भाषेत. १९७२ साली तर कँटोनीज चित्रपट जवळपास बंदच पडले होते. घरची बोली पडद्यावर कशाला, असंच वाटायचं म्हणा ना. मग १९७३ मध्ये 'द हाऊस ऑफ ७२ टेनंट्स' नावाचा चित्रपट आला. आपल्याकडच्या चाळीसारख्या एका दाटीवाटीच्या घरातल्या भाडेकरूंची गोष्ट, चक्क कँटोनीजमध्ये. त्या वर्षी हाँगकाँगमध्ये त्याने 'एंटर द ड्रॅगन'पेक्षाही जास्त गल्ला गोळा केला! आपलं बोलणं आपल्यालाच ऐकायला किती आवडतं, हे लोकांना तेव्हा उमगलं. त्यानंतर कँटोनीज सिनेमा पुन्हा जोमाने उभा राहिला.

असं आपल्याकडे घडलं का? घडलं तर! त्यासाठी पुन्हा साक्रीच्या बस स्टँडवर या. धुळ्याची गाडी पकडा. धुळ्याला उतरून मुंबईकडच्या रस्त्याने दक्षिणेला आणखी पन्नास किलोमीटर गेलं की मालेगाव. जिल्हा बदलला, नाशिक आला. पण आजूबाजूच्या खेड्यांत अहिराणी तीच.

मालेगावात शिरताच एक आवाज ऐकू येतो. खटखट, खटखट, खटखट. हे यंत्रमाग. मोसम नदीच्या काठचं हे गाव कापडावर जगतं. १८५७च्या उठावानंतर उत्तर भारतातून पुष्कळ विणकर कुटुंबं इथे आली आणि इथलीच झाली. मागावर बारा-बारा तासांची पाळी असते. सुट्टी शुक्रवारी. आणि शुक्रवारी काय करायचं? सिनेमा!

याच गावात नासीर शेख व्हिडिओ पार्लर चालवत. तिथे ब्रूस ली आणि जॅकी चॅन असायचे, चार्ली चॅप्लिनही असायचा. दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून, नको तो भाग गाळायचा आणि हवा तो ठेवायचा, अशा खटपटीतून ते संकलन शिकले. शाळा नाही, गुरू नाही. मग त्यांच्या मनात आलं, की दुसऱ्यांचे चित्रपट दाखवण्यापेक्षा आपणच एक काढला तर? मुंबई पावणेतीनशे किलोमीटर लांब. पैसे नाहीत. पण मित्र होते! त्यातून २००० साली 'मालेगाव के शोले' तयार झाला. नट म्हणजे यंत्रमाग कामगार, दुकानदार, शेजारीपाजारी. गावाने तो डोक्यावर घेतला.

पुढे त्यांनी 'मालेगाव का सुपरमॅन' करायला घेतला. तो कसा बनला, यावर फैजा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट २००८ साली पुरा केला. मिळाला तर घरच्यांबरोबर अवश्य पाहा. हसून हसून पुरेवाट होते. कॅमेरा वर न्यायला क्रेन नाही? मग बैलगाडी उभी करा, तिच्या दांडीला माणूस बसवा आणि उचला! कॅमेरा सरकता हवा? बसा सायकलवर, मागून ढकलायला आहेत मित्र. सुपरमॅन उडाला पाहिजे? हिरवं कापड ताणा आणि नटाला दांड्यावर आडवा तोलून धरा. मधेच कॅमेरा पाण्यात पडतो. काम थांबतं. पुन्हा सुरू होतं.

आणि नायिका? गावातल्या मुली पडद्यावर येणार नाहीत, म्हणून नटी बाहेरगावाहून बोलवावी लागे. यात नवल वाटून घेऊ नका. याच नाशिक जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषालाच करावं लागलं होतं. पडद्यामागे मात्र फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई होत्या. सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्या करत आणि फिल्मच्या कडेची भोकंही पाडत.

मालेगावचा सुपरमॅन झाला होता शफीक शेख. यंत्रमाग कामगार. अंगाने काटकुळा. बळकट दंड नाहीत, रुंद छाती नाही. निळ्या कपड्यांवर लाल चड्डी घालून तो उभा राहिला की आधी हसू येतं. मग हळूहळू तो आपल्याला फार आवडायला लागतो. चित्रीकरण चालू असतानाच त्याचं खरोखरचं लग्न झालं! म्हणजे मारामारी आणि प्रेम, दोन्ही एकाच सिनेमात आलं म्हणायचं.

या सुपरमॅनचे शत्रू कोण होते माहीत आहे? परग्रहावरचे राक्षस नव्हेत. तंबाखूचा धंदा करणारे, घाण पसरवणारे लोक. ज्या गावात पावलोपावली पिचकाऱ्या दिसतात, तिथल्या सुपरमॅनला दुसरा शत्रू हवाच कशाला?

पुढचं सांगताना जड वाटतं, पण सांगायला हवं. शफीकला कर्करोग झाला. २०११ साली तो गेला. पडद्यावर ज्या तंबाखूशी तो झुंजला, तीच आपल्या देशात तोंडाच्या कर्करोगाचं सगळ्यांत मोठं कारण आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरी पुडी मिळते, हे तुम्हीही पाहता. पडद्यावरची लाथ चुकवता येते, कारण समोरचा माणूस आपला मित्र असतो. पुडी कुणाची मित्र नसते. शाळेबाहेर कुणी 'घे, एकदा खाऊन तर बघ' म्हणालं, तर मालेगावच्या त्या काटकुळ्या सुपरमॅनची आठवण ठेवा आणि सरळ चालू लागा. तिथे तुमचा डाव तोच.

मालेगावच्या या मंडळींवर रीमा कागती यांनी 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा मोठा हिंदी चित्रपट केला. तो २०२४ मध्ये कॅनडातल्या टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला आणि २०२५च्या फेब्रुवारीत आपल्याकडे लागला. ज्या मुंबईकडे हे लोक लांबून पाहत, तीच मुंबई त्यांची गोष्ट सांगायला आली!

आता तर कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आला आहे. मालेगावच्या छोटू दादाचे खानदेशी विनोदी व्हिडिओ यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिले गेले आहेत. अहिराणी गाणी लग्नाच्या मांडवात वाजतात. एके काळी 'अहिराणी म्हणजे खेड्यातलं बोलणं' असं म्हणून मुलांना गप्प बसवलं जायचं. कँटोनीजला जे १९७३ मध्ये मिळालं, ते अहिराणीला आता कुठे मिळू लागलं आहे.

आईबाबांनाही दोन शब्द. मूल सोफ्यावरून उडी मारून 'हूऽऽ' करू लागलं, तर नुसतं ओरडू नका. त्याच्याशेजारी बसून तो चित्रपट पाहा आणि विचारा : ही लाथ बसली कशी? कॅमेरा कुठे होता? पडणारा कुठे पडला? उत्तरं शोधताना त्याला आपोआप कळेल, की मारामारीच्या सिनेमात सगळ्यांत जास्त काळजी घेतली जाते ती समोरच्याला लागू नये याची. अंगात रग असेल तर तालीम आहे, कराटेचा वर्ग आहे. शिकवणारा चांगला असला तर आधी पडायला शिकवतो, मारायला मागाहून.

आणि मुलांनो, लाथांचे प्रयोग वर्गात मुळीच करायचे नाहीत! एक डोळा मिटून पेन्सिली भिडवा, तेवढं पुरे. पण घरच्या फोनवर दोन मिनिटांची गोष्ट जरूर काढा. नायक तुमचा शेजारी असू दे. क्रेन म्हणून माळ्याची शिडी चालेल, पण ती धरायला मोठं माणूस हवं. बोलणं मात्र तुमच्या घरात जसं चालतं तसंच ठेवा, मग ते अहिराणी असो, भिल्ली असो, नाहीतर कोकणी.

कधी साक्रीला गेलात तर स्टँडवर एखाद्या आजोबांना विचारा, "आजोबा, फड कुठे आहे?" ते आधी हसतील आणि मग तुम्हालाच विचारतील, "कोणता?"